तिकडे कोन ओयखते आपल्याले?

आमच्या वाशिमकडचा माणूस थायलंडला जाऊन आला की ट्रिपचं वर्णन ठरलेल्या क्रमाने करतो. आधी समुद्र, मग मॉल, मग जेवणाचे झालेले हाल, आणि सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून 'मसाज'. त्या एका शब्दावर ऐकणारे हसतात. कुणी भुवई उंचावलीच तर उत्तर तयार असतं, "तिकडे कोन ओयखते आपल्याले?"

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते आता कुणा एकाचं राहिलेलं नाही. कृषी केंद्रवाले काका ते वऱ्हाडीत म्हणतात, पुण्यातला आयटीतला पोरगा तेच प्रमाण मराठीत म्हणतो. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. मला मात्र त्याचं उत्तर शोधावंसं वाटतं. कारण आपल्याला कुणी ओळखत नसताना आपण कसे वागतो, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि तो आता आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचलाय.

वाशिमसारख्या जिल्ह्यातून परदेशात जातं तरी कोण, असं बाहेरच्याला वाटेल. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०१८ साली नीती आयोगाने देशातले 'आकांक्षित' म्हणजे सरळ भाषेत मागास जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि त्यातला एक वाशिम. पण बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या कंपन्यांच्या 'स्कीम' असतात. हंगामात इतका माल उचला, टार्गेट पूर्ण करा, फॉरेन टूर घ्या. त्या टूरमध्ये बँकॉक-पट्टाया हमखास असतं. ज्याने उभ्या आयुष्यात मुंबईचा समुद्र एकदाच पाहिला, तो दुकानदार चार दिवस पट्टायाला जाऊन येतो. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट काढली, तेव्हापासून तर नोकरी करणाऱ्या पोरांनाही ही ट्रिप गोव्यासारखीच वाटायला लागली. तिकीट काढलं की निघालं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एक गोष्ट आहे. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला जमिनीच्या भेगेत एक अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की घालणारा अदृश्य होतो. हे कळल्यावर तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि सिंहासनावर बसतो. गोष्ट सांगणारा ग्लाउकॉन मग सॉक्रेटिसला विचारतो, अशा दोन अंगठ्या एका सज्जनाला आणि एका दुर्जनाला दिल्या तर दोघांच्या वागण्यात काही फरक उरेल का? की सज्जनपणा म्हणजे फक्त पकडलं जाण्याची भीती?

पट्टायाला जाणाऱ्याच्या खिशातला पासपोर्ट म्हणजे तीच अंगठी, असं मला आधी वाटायचं. पण त्या बाजारात नेमकं काय चालतं हे समजून घेत गेलो तसं लक्षात आलं की तिथे अंगठीचा परिणाम उलटा होतो. गिऱ्हाईक काही अदृश्य होत नाही. त्याला सगळे पाहतात, 'सर' म्हणतात, हिंदीत 'नमस्ते' म्हणून हाक मारतात. त्याच्या हॉटेलात पासपोर्टची प्रत असते, त्याच्या कार्डाची नोंद असते. अदृश्य होते ती खोलीतली बाई.

कसं, ते सांगायला हवं. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. थायलंडमधल्या मसाजच्या बहुसंख्य दुकानांत मसाजच होतो. बँकॉकच्या वाट फो मंदिरात या विद्येची जुनी परंपरा आहे, तिथे ती आजही रीतसर शिकवली जाते. २०१९ च्या डिसेंबरात युनेस्कोने 'नुआद थाई' म्हणजे पारंपरिक थाई मसाज मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. ही विद्या शिकून त्यावर घर चालवणाऱ्या बायकांना त्या दबक्या आवाजातल्या 'मसाज'चा रोज त्रास होतो. गिऱ्हाईक आत येतं तेच डोळा मिचकावत. आपण एका चांगल्या शब्दाचं काय करून ठेवलंय, याची किंमत त्या मोजतात.

दुसऱ्या प्रकारची दुकानं वेगळी चालतात. बाहेरच्या फलकावर तेलाचा, तासाचा दर असतो. तो दुकानाचा, त्यातला काही वाटा तिचा. बाकीचं काहीही कुठे लिहिलेलं नसतं. ते आत, दार लागल्यावर, खुणेने, दोन-चार इंग्रजी शब्दांत, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवून ठरतं. या अलिखितपणामुळे एक सोय होते. दुकानदार म्हणू शकतो, आम्ही फक्त मसाज देतो. टूरवाला म्हणू शकतो, आम्ही फक्त रस्ता दाखवला. गिऱ्हाईक म्हणू शकतो, मी फक्त पाठ दाबून घेतली. हद्दीतला पोलीस म्हणू शकतो, आमच्याकडे तक्रारच नाही. मराठीत याला नामानिराळं राहणं म्हणतात. साखळीतल्या प्रत्येकाला नामानिराळं राहता येतं. राहता येत नाही ते एकटीला, कारण जे घडलं ते तिच्या अंगावर घडलेलं असतं.

कायदाही हेच करतो. थायलंडमध्ये वेश्याव्यवसायाविरुद्ध १९९६ चा कायदा आहे. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला त्यात एक हजार बाटपर्यंत दंड आहे. धंदा चालवणाऱ्याला आणि दलालाला कैद आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीकडे जाणाऱ्यालाही कैद आहे. पण प्रौढ बाईकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीच नाही. त्याच वेळी १९६६ चा मनोरंजन-स्थळांचा कायदा आहे, ज्याखाली स्नानगृह आणि मसाजच्या मोठमोठ्या जागांना परवाने मिळतात. म्हणजे जागेला परवाना आणि बाईला दंड. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी त्रुटी वर्षानुवर्षं दुरुस्त होत नसेल तर आम्ही गमतीने म्हणतो की ती आता त्रुटी नाही, ते फीचर आहे, कुणीतरी तिच्यावर जगतंय. या कायद्यातली फट तशी आहे. बाई पोलिसांकडे जाऊ शकत नाही, हा या सेवेचा दोष वाटतो, पण दर परवडण्यासारखा राहतो त्यात याचाही हात आहे.

ही फट एका रात्रीत पडली नाही. पट्टाया हे कोळ्यांचं गाव होतं. व्हिएतनामच्या युद्धात जवळच्या उ-तापाओ तळावरून अमेरिकेची विमानं उडायची, आणि १९६७ साली अमेरिकी सैनिकांना सुटीसाठी थायलंडला पाठवण्याचा करार झाला. सैनिकाच्या थकव्यावर उतारा म्हणून एक बाजार उभा राहिला. १९७६ पर्यंत सैन्य गेलं. बाजार राहिला, आणि रिकाम्या खुर्च्यांवर पर्यटक येऊन बसले. आधी युरोपातले, जपानमधले, आता आपणही.

आता ती कोण आहे, हे पाहू. बँकॉक-पट्टायाच्या या कामातल्या पुष्कळ बायका ईसानमधून येतात. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, वीस प्रांत, देशाची जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या आणि देशातली सगळ्यात जास्त गरिबी. खोरातचं पठार, रेताड जमीन, पावसावरचा भात. धरणाचं पाणी थोड्यांना, बाकीच्यांची नजर आभाळाकडे. पेरणीला कर्ज, पीक आलं की फेड, नाही आलं की पुढचं कर्ज. बोली वेगळी, लाओ भाषेच्या जवळची, त्यामुळे राजधानीतले लोक त्यांच्या बोलण्याला हसतात. बँकॉकचे टॅक्सीवाले, बांधकामावरचे मजूर, घरकामाच्या बायका, यांतले कितीतरी तिथले.

वाशिमच्या माणसाला याहून जास्त काही सांगायची गरज आहे का? भाताच्या जागी सोयाबीन आणि तूर लिहा, बँकॉकच्या जागी पुणे लिहा. मी पुण्यात माझी बोली लपवायला शिकलो ती कॉलेजच्या पहिल्या महिन्यात. 'ओयखते' म्हटलं की वर्ग हसायचा.

कामानिमित्त मी एकदा आठवडाभर बँकॉकला होतो. हॉटेलजवळ एक साधं दुकान होतं, रस्त्याकडे पूर्ण काच, आत ओळीने खुर्च्या. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते म्हणून तिथे गेलो. पाय दाबणारी बाई चाळिशीची असेल. तिने मोबाइलवर भाषांतराचं ॲप उघडून माझ्यासमोर धरलं. घर कुठलं, लग्न झालं का, असे आपल्याकडे एसटीत विचारतात तेच प्रश्न. मी सांगितलं, गाव लहान आहे, शेती आहे, सोयाबीन. ती खोन केनकडची निघाली. मुलगी आजीजवळ गावी. मग तिने शेताचा फोटो दाखवला. सपाट जमीन, मधोमध एकच झाड, आणि भेगा. तिने काहीतरी म्हटलं, ॲपने हिंदीत उमटवलं, "इस साल पानी देर से आया." हे वाक्य दर जुलैत मी घरून फोनवर ऐकतो.

तिचं काम निव्वळ पाय दाबण्याचं होतं. तिच्यावरून मी दोन गल्ल्या पलीकडच्या, काळ्या काचेच्या दारामागच्या बायकांबद्दल काही सिद्ध करू शकत नाही. पण पाऊस सगळ्यांच्याच गावी उशिरा आलेला असतो. थाई समाजात 'बुनखुन' नावाची कल्पना आहे, आईबापाच्या उपकारांची फेड. मुलगा काही काळ भिक्खू झाला तर ते पुण्य आईबापाला मिळतं, त्याची फेड होते. थायलंडच्या अधिकृत संघात मुलीला भिक्खुणी होता येत नाही. मग ती कशाने फेडणार? पैशाने. आपल्याकडे थोरला भाऊ गावी पैसे पाठवतो तेव्हा आपण त्याला कर्ता म्हणतो. ती तेच करते, आणि तिला काय म्हणतात ते मला इथे लिहायचं नाही.

इथे मित्रांचं उत्तर येतं, "ती तिच्या मर्जीने करते, पैसे घेते, तुला काय त्रास?"

हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. उलट आपल्या समाजाने अशा बायकांबद्दल दोनच भावना बाळगल्या, किळस आणि दया. दोन्हींत तिचं म्हणणं विचारायची गरज पडत नाही. सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून काम करतेय. तिच्यातूनच १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली, ती या व्यवसायातल्या बायकांची स्वतःची संघटना. त्यांचा भर कुणीतरी येऊन आपली सुटका करण्यावर कधीच नव्हता. हक्क द्या, मारहाण थांबवा, आमच्या मुलांना शाळेत नीट बसू द्या, या दिशेने त्या बोलत आल्या. २०२० च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने छाप्यात पकडून सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडायला सांगितलं. प्रौढ स्त्रीला आपला व्यवसाय निवडायचा हक्क आहे, तिच्या संमतीशिवाय तिला डांबता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांना बजावलं की मर्जीने हे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला त्रास देऊ नका, तिलाही संविधानाच्या एकविसाव्या कलमातली प्रतिष्ठा आहे.

तेव्हा 'मर्जी' हा शब्द मोलाचा आहे. पण तो कुणाच्या तोंडी आहे, हेही पाहायला हवं. सांगलीतली बाई सभेत उभी राहून "मी माझ्या मर्जीने करते" म्हणते, तेव्हा ती जगाकडे काही मागत असते. पट्टायाहून आलेला पुरुष "ती तिच्या मर्जीने करते" म्हणतो, तेव्हा तो स्वतःला सूट देत असतो. तिला त्याने विचारलेलं नसतं. विचारायला लागणारी भाषाही दोघांत नसते.

आणि पैशासाठी केलं म्हणजे मर्जी नव्हती, असंही मी म्हणत नाही. मीही पैशासाठीच काम करतो. पगार थांबला तर दुसऱ्या दिवशी लॉगिन करणार नाही. मग माझ्यात आणि तिच्यात फरक काय? मला तो एकाच ठिकाणी दिसतो. मी 'नाही' म्हटलं तर पुढे काय होतं? मॅनेजर चिडेल, रेटिंग जाईल, फार तर नोकरी जाईल. पण मला कुणी खोलीत कोंडणार नाही, आणि कोंडलंच तर मी फोन लावू शकतो, पोलीस माझ्या बाजूने येतील असं मला वाटतं. पैसे घेतल्यावर, दार लागल्यावर, समोरचा प्यायलेला असताना, तिने 'नाही' म्हटलं तर ती कुणाला फोन लावणार? पोलीस आले तर पहिला दंड तिलाच. बँकॉकच्या पटपोंग भागात १९८५ साली 'एम्पावर' नावाची संघटना सुरू झाली. तिने बारमधल्या बायकांना आधी इंग्रजी शिकवायला घेतलं. मला हे फार नेमकं वाटतं. 'नाही' म्हणायला आधी शब्द लागतो, आणि मग त्या शब्दामागे कुणीतरी उभं असावं लागतं.

जगात यावर वेगवेगळे प्रयोग झालेत. स्वीडनने १९९९ पासून विकणारीला मोकळं ठेवून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. न्यूझीलंडने २००३ मध्ये उलटी वाट धरली, व्यवसाय कायदेशीर केला आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला कोणत्याही क्षणी नकार द्यायचा हक्क कायद्यात लिहून दिला. २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने धंद्याच्या मालकावर लैंगिक छळाचा दावा केला आणि लवादाने तिला पंचवीस हजार डॉलर भरपाई दिली. तिच्या 'नाही'ला तिथे किंमत होती, आकड्यात मोजता येणारी. पण त्याच कायद्यात तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी बाईला हे काम करायला बंदी आहे, म्हणजे गरजेपोटी दूरच्या देशातून आलेलीला ते संरक्षण नीट मिळत नाही. दोन देशांनी दोन टोकं धरली, पण प्रश्न दोघांनी एकच ओळखला, तिच्या नकारामागे कोण उभं आहे? आपल्या ट्रिपमध्ये हा प्रश्न कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

नसतो, कारण न विचारण्याचेच आपण पैसे देतो. ती बाई कर्जात आहे का, मालकाने तिची कागदपत्रं ठेवून घेतलीत का, ती खरंच अठराची आहे का, आज तिला ताप आहे का, हे चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला कळण्याची सोयच नसते. आणि "मला कसं कळणार?" हे त्याला निर्दोषपणाचं प्रमाणपत्र वाटतं. मला वाटतं गणित उलटं आहे. समोरच्या माणसाचं ज्यात नुकसान असू शकतं, अशा बाबतीत कळायची सोय नसेल तर हात मागे घ्यायचा असतो. अंधारात गाडी मागे घेताना मागे कुणी दिसत नाही म्हणून आपण वेग वाढवत नाही.

हे सगळं परदेशी आहे आणि आपल्या मातीत नाही, असं समजण्याचं कारण नाही. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात या भागातल्या लोकांचा उल्लेख आहे, आणि तो अभिमानाने शाळेच्या भिंतीवर रंगवावा असा नाही. निरनिराळ्या प्रांतांतल्या राजांच्या अंतःपुरांचे रिवाज सांगताना तिथे म्हटलंय की वत्सगुल्मात बड्या अधिकाऱ्यांच्या घरच्या स्त्रिया रात्री राजाकडे जातात. कशासाठी? त्यासाठी वापरलेला शब्द आहे 'सेवा'. दीड हजाराहून जास्त वर्षं झाली, शब्द तोच आहे. फक्त आता आपण 'सर्व्हिस' म्हणतो. त्या स्त्रियांना जायचं होतं का, हे तिथेही कुणी नोंदवलेलं नाही.

पण त्याच परंपरेत शूद्रकाचं 'मृच्छकटिक' आहे, जे गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. त्यात एक पात्र आहे, संवाहक, म्हणजे अंग रगडून देणारा, आजच्या भाषेत मसाजवाला. तो पुरुष आहे. तो पाटलीपुत्राचा आहे, अंग चेपण्याची कला हौसेने शिकला आणि पुढे तिच्यावर पोट भरायची वेळ आली. जुगारात तो कर्जात बुडतो, जुगाराच्या अड्ड्याचा मालक मागे लागतो, आणि त्याचं कर्ज फेडते वसंतसेना, एक गणिका. शूद्रकाने या दोघांना गाव दिलं, कर्ज दिलं, भूतकाळ दिला. पुढे संवाहक भिक्खू होतो आणि तोच वसंतसेनेचा जीव वाचवतो. ज्यांचं काम दुसऱ्याच्या शरीराला सुख देण्याचं, ती माणसं त्या नाटकात पूर्ण माणसं आहेत.

आपल्या घरातही अंग रगडण्याचं काम होतंच. बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना तेल लावायला येणारी मावशी आठवा. ती उघड्या अंगाला हात लावते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिचं नाव घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, तिचा मुलगा काय करतो हे माहीत असतं, शेवटच्या दिवशी तिला लुगडं द्यायचं असतं. हे फार सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. त्यात जात होती, ठरलेली पायरी होती. नाव माहीत असलं म्हणजे न्याय होतो असं नाही. पण नाव माहीत असलं की ती दारात येऊन भांडू तरी शकते. ज्या बाईचं नाव आपण मुद्दाम माहीत करून घेत नाही, तिला आपल्याशी भांडायचीही जागा उरत नाही.

ओळखीच्या अंतरावर असेल तर मग आपण काय करतो, तेही पाहून ठेवू. नागपूरची गंगा-जमुना वस्ती विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी ती बॅरिकेड लावून बंद केली, तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या. आमच्याकडे तेव्हा "बरं झालं, घाण गेली" म्हणणारे बरेच होते. त्यातल्या काहींनी नंतर स्कीममध्ये पट्टाया मिळवलं. नागपुरातली ती घाण, पट्टायातली ती मजा. दोन्हींत फरक एका विमानाचा.

आणि त्या विमानाच्या तिकिटाचा पैसा कुठून येतो? आमच्याकडचा शेतकरी जूनमध्ये उधारीवर बियाणं-औषध उचलतो, दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकून चुकतं करतो. त्या उधारीतून दुकानदाराचं टार्गेट पूर्ण होतं, टार्गेटमधून टूर निघते. म्हणजे पावसावर जगणाऱ्या एका गावाच्या कर्जातून निघालेला पैसा पावसावर जगणाऱ्या दुसऱ्या गावाच्या लेकीपर्यंत जातो, आणि मधल्या प्रत्येकाला वाटतं की आपला कुणाशी काही संबंध नाही. दुकानदार काही दुष्ट नसतो, तोही वसुलीच्या काळजीतच असतो. पण या साखळीत अनोळखी कुणीच नाही. लग्न झालेल्यांसाठी आणखी एक प्रश्न उरतो, पण तो सोपा आहे. लग्नात दिलेलं वचन जिल्ह्याच्या हद्दीपुरतं दिलेलं नसतं.

तेव्हा तिकडे आपल्याला कोण ओळखतं, याचं माझं उत्तर असं आहे. ती ओळखते. आपल्यासारखे तिने पुष्कळ पाहिलेत. घोळक्याने येणारे, एकट्याने नजर चुकवणारे, आधी भाव करणारे, नंतर फोटो मागणारे. तिने आपल्यासाठी चार हिंदी शब्द पाठ केलेत. आपण तिचा एक शब्द शिकलेलो नाही. तिच्याकडे आपली पूर्ण माहिती आहे आणि आपल्याकडे तिची शून्य, तरी आपण म्हणतो की आपल्याला कुणी ओळखत नाही. 'कुणी'मध्ये तिला धरायचं आपल्या मनातच आलेलं नसतं.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या एका मित्राच्या लग्नाआधीच्या ट्रिपचं मतदान सुरू आहे. गोवा की पट्टाया. पट्टाया पुढे आहे, आणि एका संध्याकाळच्या 'मसाज'साठी सगळ्यांची सारखी कॉन्ट्री काढायचं ठरतंय. मी लिहिलं, कुठेही या, येतो, पण त्या संध्याकाळचे पैसे माझ्याकडून धरू नका, आणि पैसे दिल्यावर ती नाही म्हणाली तर काय करायचं ते आधी ठरवा. बारा हसरे चेहरे आले. एकाने हात जोडून "महाराज" लिहिलं. रात्री उशिरा एकाचा वेगळा फोन आला. मंगरूळपीरकडचा, वडिलांची आठ एकर कोरडवाहू. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "खरंच तिकडे बी पानी नसते काय बे?" मी म्हटलं, नसते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आमच्याकडे यंदा शेंगा भरल्याच नाहीत.

मतदान रविवारपर्यंत आहे.